पुस्तक होऊ दे, मग येतो

मॅडमची जीभ तिखट होती, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. प्राचार्य मीटिंगला उशिरा आले तर त्या त्यांच्या तोंडावर मनगटावरचं घड्याळ बघायच्या. वर्गात मागच्या बाकावर कुणी खुसफुसलं तर त्याची तिथल्या तिथे अशी हजेरी घ्यायच्या की बिचारा पुढचा आठवडाभर पहिल्या बाकावर बसायचा. पण हीच जीभ वाचनखोलीचा उंबरा ओलांडला की टाळ्याला चिकटायची, कारण तिथे येणारे सगळे फुकट राबायला येत. पगारी माणसाला दोन शब्द सुनावता येतात. जो आपला वेळ मोडून, आपल्या पायांनी, पदरचं खाऊन मदतीला येतो त्याला काय बोलणार? भीड ही भिकेची बहीण, असं मॅडम दुसऱ्यांना ऊठसूट सांगायच्या. स्वतःच्या बाबतीत ही म्हण त्यांना कधी आठवली नाही.

वाचनखोली म्हणजे प्रयोगशाळेचं मोडकं सामान ठेवायची जुनी कोठी. कॉलेजात काही मुलं अशी होती ज्यांना दिसत नव्हतं. त्यांच्यासाठी स्वयंसेवकांनी पाठ्यपुस्तकं मोठ्यानं वाचायची, रेकॉर्ड करायची आणि मुलांनी ती ऐकून अभ्यास करायचा, असा हा उद्योग मॅडमनी एकहाती उभा केला होता. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना वसतिगृहातल्या जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. रेकॉर्डिंग चालू असताना खिडकी बंद आणि पंखाही बंद, कारण पंख्याची घरघर माइकला माणसाच्या आवाजापेक्षा जास्त आवडायची. उन्हाळ्यात आतून बाहेर येणारा माणूस विहिरीतून काढल्यासारखा दिसायचा. खोलीचा नियम एकच होता. एकानं वाचायचं, आणि दुसऱ्यानं ते नंतर पुस्तक समोर धरून ऐकायचं. चुकलं असेल तर वाचणाऱ्यानं तेवढं पुन्हा वाचायचं.

हा नियम सगळ्यांना होता, फक्त कंडक्टरला नव्हता.

कंडक्टर जन्मभर बसवर कंडक्टर होता. निवृत्त झाला, पाठोपाठ बायको गेली, लेक लग्न होऊन लांबच्या गावी गेलेली. घर खायला उठलं तेव्हा तो एक दिवस कॉलेजच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "माझा आवाज शिल्लक आहे. तुम्हाला चालेल का?" चालेल म्हणजे काय, धावला. भरलेल्या बसमध्ये पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत पोचायची सवय असलेला तो आवाज, पण माइकसमोर बसला की तो असा मऊ व्हायचा की रटाळातलं रटाळ पुस्तकही कुणीतरी घरचं माणूस जवळ बसून सांगतंय असं वाटायचं. व्हरांड्यात मुलांची गर्दी असली की तो जाता जाता म्हणायचा, "चला, पुढे सरका, पुढे जागा आहे," आणि मुलं खरंच सरकायची. नवीन प्रकरण सुरू करताना त्याचं नाव तो थांब्याचं नाव पुकारावं तसं पुकारायचा. परीक्षेत उत्तर सांगताना कंडक्टरकाकाच कानात बोलतात, असं दिसत नसलेली मुलं म्हणायची.

तेव्हा त्याचं वाचन तपासायची पद्धतच पडली नाही. ऐकायला बसणारी माणसं आधीच कमी. प्रमाणपत्र मिळेपर्यंत यायचं आणि मिळालं की गायब व्हायचं, अशी निम्मी मंडळी. "कंडक्टरचं काय तपासायचंय?" असं मॅडमच एकदा म्हणाल्या होत्या, आणि ते वाक्य खोलीत कायद्यासारखं चालू लागलं.

मग एक दिवस परीक्षा संपल्यावर एक मुलगा पांढरी काठी टेकत मॅडमकडे आला. कंडक्टरनं वाचलेल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकावर त्यानं अभ्यास केला होता.

"मॅडम, रागावू नका," तो म्हणाला, "पण त्या पुस्तकात बेकारीवरचं प्रकरण आहे का हो?"

"आहे की. महत्त्वाचं आहे."

"माझ्याकडे नाही आलं ते. अख्खा प्रश्न सोडून आलो मी."

मॅडमनी कानाला हेडफोन लावला. आधीचं प्रकरण कंडक्टरनं संपवलं होतं, पान उलटल्याचा आवाज आला होता, आणि तेच प्रकरण त्यानं पुन्हा पहिल्यापासून तेवढ्याच उमेदीनं वाचलं होतं. त्यानंतर तो बेकारी ओलांडून थेट पुढे गेला होता. मॅडमनी हेडफोन काढून ठेवला. तो मुलगा मात्र जाताना म्हणाला, "काकांना काही बोलू नका हं. त्यांना फार वाईट वाटेल." ज्याचं नुकसान झालं तोच असं म्हणतोय म्हटल्यावर मॅडमना सुटल्यासारखं झालं, आणि इथेच सगळी फसगत झाली. त्यानं क्षमा केली होती, ती स्वतःच्या नुकसानीची. बाकीच्या गोष्टी निस्तरायचं काम मॅडमचं होतं.

कंडक्टरनं तोवर नवीन पुस्तक हातात घेतलं होतं. जगाचा इतिहास, उशाला घेतला तर मान मोडेल एवढा जाड. मॅडमनी त्याचं वाचन तपासायला ढापणीला बसवलं. ढापणी दुसऱ्या वर्षाला होती. तिचा चष्मा तिच्या तोंडापेक्षा मोठा, म्हणून वर्गानं हे नाव ठेवलं होतं आणि तिनंही ते हसून घेतलं होतं. सगळ्या स्वयंसेवकांत खरं काम करणारी म्हणाल तर ती एकटी. ती आठवडाभर ऐकत बसली आणि मग मॅडमच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"एक पान दोनदा वाचतात. एखादं सुटतं. वाक्य अर्धं सोडून गप्प बसतात, मग दुसरंच सुरू होतं." ती थोडी हसली. "काल राज्यक्रांतीच्या मधेच म्हणाले, सुट्टे द्या."

मॅडमही हसल्या. मग दोघींना हसू आवरावं लागलं नाही, ते आपणच गेलं.

"आपण त्यांना सांगूया ना," ढापणी म्हणाली.

"काय सांगायचं? तुमचं डोकं चाललं, उद्यापासून येऊ नका? एकटा माणूस आहे गं. या खोलीवर जगतोय तो." मॅडमनी दार लोटलं आणि आवाज खाली आणला. "तू असं कर. ते वाचतायत ते वाचू दे. तेच पुस्तक तू दुसऱ्या वेळेला येऊन वाच. मुलांना तुझं देऊ."

"आणि त्यांचं?"

"पुसून टाकायचं. चुकून मुलांच्या हाती लागलं तर पुन्हा तोच घोळ."

"ते मला रोज विचारतात, मॅडम. कसं झालं म्हणून."

"छान झालं म्हणायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

ढापणीनं चष्मा काढून ओढणीनं पुसला, परत घातला आणि बरं म्हणाली. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या गळ्यात आपण काय बांधतोय, हे मॅडमना तेव्हा सुचलंही नाही. त्यांना उलट वाटत होतं, आपण किती सांभाळून घेतलं.

म्हणजे असं सुरू झालं. सकाळी कंडक्टर घामानं निथळत इतिहास वाचायचा, आणि दुपारी ढापणी त्याच गाद्यांच्या भिंतीत बसून तोच इतिहास पुन्हा वाचायची. वाचून झालं की सकाळचं पुसायची. कंडक्टर व्हरांड्यात भेटला की विचारायचा, "काय तपासनीस, कुठे चुकलो?" आणि ती म्हणायची, "नाही काका, छान झालं." तो खूश होऊन पुढे जायचा.

उन्हाळ्यात एकदा मॅडम आणि तो कॅन्टीनमध्ये चहा पीत बसले होते. कंडक्टर रंगात होता.

"लेक मागे लागलीय," तो म्हणाला. "म्हणते, बाबा, आता एकटे राहू नका, मी रजा टाकते आणि न्यायला येते. नात तर काय, रोज फोन. मी तिला एका बसची गोष्ट सांगतो. बस कुठेही जाते, समुद्रात जाते, चंद्रावर जाते. रोज नवा थांबा द्यावा लागतो तिला. कालचा आज चालत नाही."

"मग जा की," मॅडम बोलून गेल्या.

"जाणार ना. मी म्हटलं, पुस्तक होऊ दे, मग येतो. अर्धवट टाकून उठायचं म्हणजे मधल्या थांब्यावर माणसं उतरवून गाडी डेपोत नेल्यासारखं. तसं जन्मात केलं नाही." त्यानं चहाचा घोट घेतला. "तसं आता लवकरच जायला हवं, मॅडम. हल्ली माझं काही खरं नाही. परवा घराची किल्ली फ्रिजात सापडली. दुधाचं पातेलं कपाटात. मी हसलो, पण एकट्यानं किती हसणार?"

मॅडमनी विरघळलेली साखर पुन्हा ढवळली.

"वाचताना चुकत असलो तर सांगा हं," तो म्हणाला. "पगार तेवढा कापू नका." आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसला.

यापेक्षा सोपी वेळ कुठली येणार होती? माणूस स्वतः विचारत होता. त्यानं दार उघडून धरलं होतं, मॅडमनी फक्त आत पाऊल टाकायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण समोर तो हसरा, दाढी गुळगुळीत केलेला, इस्त्रीचा शर्ट घालून आलेला माणूस बघितला आणि त्या म्हणाल्या, "छे हो, तुमचं काय चुकणार? सावकाश होऊ द्या. घाई नाही."

घाई नाही. हे दोन शब्द त्यांना पुढे बरेच दिवस पुरले. तो कामात आहे म्हणून बरा आहे, काम काढून घेतलं तर खचेल, असं त्या मनाला सांगत राहिल्या. मन काय, सांगाल ते ऐकतं. लेकीकडे गेला तर तिथेही त्याला काम असेल, बसला रोज नवा थांबा लावायचं, हे काही त्यांच्या मनात आलं नाही. की आलं होतं आणि त्यांनी बाहेरच उभं केलं, हे त्यांचं त्यांना माहीत.

ढापणीचे मार्क घसरले. ती एक दिवस पुन्हा टेबलाशी आली, पण या वेळी तिनं चष्मा पुसला नाही.

"मला नाही जमत आता. त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही. आणि त्यांची मुलगी बोलावतेय, मॅडम. ते या पुस्तकासाठी थांबलेत. जे आपण रोज पुसतोय त्यासाठी."

"मी बघते," मॅडम म्हणाल्या.

"तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन."

आणि गंमत बघा, जी जीभ वर्षभर टाळ्याला चिकटून बसली होती ती नेमकी आत्ता सुटली. "तू इथे मदतीला येतेस," मॅडम म्हणाल्या, "मला शहाणपण शिकवायला नाही. जमत नसेल तर तसं सांग, दुसरं कुणी बघते." ढापणीही फुकटच राबत होती. पण ती लहान होती, तिच्यावर ओरडता येत होतं.

ढापणी गेली नाही. सोडून गेली असती तर सकाळचं न तपासलेलं वाचन मुलांच्या हाती गेलं असतं, हे तिला कळत होतं. ती येत राहिली, वाचत राहिली, पुसत राहिली. फक्त कंडक्टर व्हरांड्यात दिसला की ती जिन्यानं वर जायची, आणि मॅडमशी कामापुरतं बोलायची. कंडक्टरनं एकदा विचारलंही, "आमचे तपासनीस रुसले का?" मॅडमनी परीक्षेचं कारण सांगितलं.

पुढे त्याचं येणं विस्कटत गेलं. कधी सुट्टीच्या दिवशी येऊन बंद फाटकाशी बसायचा, कधी यायचाच नाही. एकदा माइकसमोर बसून नुसताच बसून राहिला आणि शिपायानं दार उघडलं तेव्हा म्हणाला, "गाडी का सुटत नाही?" मॅडमनी तेव्हाही ठरवलं, पुढच्या आठवड्यात बोलायचं. त्या आठवड्यात कंडक्टर घराजवळच्या थांब्यावरून एका बसमध्ये चढला आणि तिकिटं मागायला लागला. लोक आधी हसले, मग घाबरले. ड्रायव्हर जुना ओळखीचा निघाला. त्यानं गाडी बाजूला घेतली, कंडक्टरला आपल्या शेजारी बसवलं, आणि त्याच्या खिशातल्या फोनवरून लेकीला कळवलं.

लेक दुसऱ्याच दिवशी आली. सामान बांधलं, घराला कुलूप घातलं, आणि जायच्या आधी बापाला घेऊन वाचनखोलीत आली. मॅडमनी तिला प्रथमच पाहिलं. बापासारखंच रुंद कपाळ, प्रवासानं चुरगळलेले कपडे, रडून झालेले डोळे. कंडक्टर तिच्या शेजारी स्टुलावर बसला आणि भिंतीवरच्या गाद्यांकडे बघत राहिला. ढापणी कपाटाशी पुस्तकं लावत होती.

"तुमचे आभार कसे मानू?" लेक म्हणाली. "फोनवर सारखं तुमचंच नाव. या खोलीनं त्यांना वर्षभर उभं ठेवलं."

मॅडम काहीतरी पुटपुटल्या.

"एक मागणं होतं. तो इतिहास त्यांनी वाचला ना, त्याची एक प्रत द्याल? आता ते फारसे बोलत नाहीत. माझ्या मुलीसाठी घरात लावीन म्हणते. पुस्तक कुठलं का असेना, आजोबांचा आवाज आहे तो. तिची बसची गोष्ट तर राहिलीच."

खोलीत पंखा चालू होता, तरी मॅडमना घाम फुटला. जुनी पुस्तकं होती. ते अर्थशास्त्र होतं, त्याच्या आधीची दोन-चार होती, सगळी त्याच्याच आवाजात. त्यातलं एखादं हातावर ठेवलं असतं तर लेकीला काय कळणार होतं? त्यांनी कपाटाकडे पाहिलं. ढापणीनं हातातलं काम थांबवलं होतं. ती मॅडमकडे बघत नव्हती, हातातल्या पुस्तकाच्या पुठ्ठ्याकडे बघत होती, आणि पुढचं खोटंही आता आपल्यालाच ऐकावं लागणार म्हणून तिनं खांदे आवळून घेतले होते.

"ते नाहीये," मॅडम म्हणाल्या. "आम्ही पुसत होतो."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. सुटलेलं प्रकरण, दुपारचं वाचन, कॅन्टीनमधला चहा. तो काय म्हणाला आणि आपण काय म्हणालो, तेही. "या मुलीनं सांगूया म्हटलं होतं. मी तिलाच गप्प बसवलं," हेही सांगितलं.

"उन्हाळ्यात," लेक शेवटी म्हणाली. "उन्हाळ्यात ते चांगले होते. थोडं विसरायचे, पण माणसं ओळखायचे. माझी मुलगी खिडकीत बसून वाट बघायची, आजोबा कधी येणार म्हणून. मी रजा मंजूर करून घेतली होती, ती रद्द केली." तिचा आवाज चढला नाही. "काल रात्री तिनं फोनवर आजोबा म्हणून हाक मारली, तर यांनी फोन माझ्या हातात दिला. म्हणाले, कुणाची तरी पोर रडतेय, बघा."

मॅडम म्हणाल्या, "त्यांना वाईट वाटेल म्हणून..."

"वाटलंच असतं. तुम्ही एकदा नको म्हणाला असता तर ते रुसले असते, मॅडम. तुमच्या नावानं बोटं मोडत आले असते माझ्याकडे. पण आले असते."

मॅडमना माफी मागायची होती, पण मागायची कुणाकडे? लेकीकडे मागून भागणारं नव्हतं, आणि ज्याची खरी मागायला हवी तो स्टुलावर बसून आपल्या शर्टाची गुंडी उघडत होता आणि लावत होता. त्याला आज सगळं सांगितलं असतं तरी ते कुठे पोचलं असतं? सांगायची वेळ होती, तेव्हा त्याला कळत होतं.

तेवढ्यात त्यानं मान वर केली. इतक्या वेळात पहिल्यांदा त्याचे डोळे कशावर तरी ठरले.

"मॅडम," तो म्हणाला, "पुस्तक झालं का हो पुरं? काही चुकाबिका?"

मॅडमनी लेकीकडे पाहिलं. ढापणी कपाटाकडे वळली. लेकीनं दोघींकडे पाहिलं, आणि ज्या खोट्यानं तिचं वर्ष खाल्लं होतं ते तिलाच उचलावं लागलं, कारण आता दुसरं काही उचलण्यासारखं उरलंच नव्हतं. तिनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला.

"झालं पुरं," ती म्हणाली. "छान झालं. एक चूक नाही."

कंडक्टरनं मोठा श्वास सोडला. गुडघ्यांवर हात टेकून तो उठला, शर्ट खाली ओढून नीट केला, आणि खांद्यावर हात ठेवणाऱ्या त्या ओळखीच्या वाटणाऱ्या बाईला त्यानं सांगितलं, "मग मी सुटलो. माझी लेक केव्हाची बोलावतेय हो. आता तिच्याकडे जातो."

"हो," लेक म्हणाली. "चला, मी सोडते तुम्हाला."